भाकरी तोंडी लावायला

पोरी, परवा रात्री स्टेशनावरून आलीस आणि चपला काढल्या न काढल्या तोच शेवेचा डबा उघडलास. उभ्या उभ्या चार मुठी शेव खाल्लीस आणि रडवेली होऊन म्हणालीस, "आजी, दिवसभर मी काही खाल्लं नाही गं, तरी काटा हलत नाही." तेव्हा मी गप्प बसले. उपाशी माणसाला सांगितलेलं ऐकू येत नाही. आज रविवार, तुझं अप-डाऊन बंद, पोटही शांत. म्हणून लिहायला बसले आहे. सावकाश वाच.

आधी त्या चार मुठींचं सांगते. त्या मिळून शंभरेक ग्रॅम धर, आणि शंभर ग्रॅम शेवेत साडेपाचशेच्या आसपास कॅलरी असतात. आपली बाजरीची एक मध्यम भाकरी साधारण सव्वादोनशेची. म्हणजे जवळजवळ अडीच भाकऱ्या तू चपला काढता काढता खाल्ल्यास, आणि अर्ध्या तासानं ताटावर बसलीसच. दिवसभर मारलेली भूक रात्री अशीच वसुली करते. त्यात तुझं मन कच्चं आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. खोट सकाळच्या डब्यातच होती.

तो डबा मी पाहिला आहे. तीन पोळ्या आणि परतलेले बटाटे. त्या सगळ्यात मिळून प्रथिनं जेमतेम दहा ग्रॅम. मी अंगणवाडीत जन्म काढला. तीन ते सहा वर्षांच्या लेकराला तिथल्या आहारातून 500 कॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं मिळाली पाहिजेत, असा शेवटच्या काळात आमचा नियम होता. चार वर्षांच्या पोराला मी जेवढी प्रथिनं मोजून वाढत होते, तेवढी माझ्या चोवीस वर्षांच्या नातीच्या डब्यात नव्हती. ते पाहिलं आणि रात्री मला झोप लागली नाही.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे पोट भरायचं ते भाकरीनं. उसळ, आमटी, पिठलं हे सगळं तोंडी लावणं. तुझे आजोबा रेल्वेच्या कारखान्यात पुलांच्या गर्डरवर काम करायचे. दिवसभर लोखंड उचलणाऱ्या माणसाला एका वेळी चार भाकऱ्या लागायच्या, आणि त्या जिरायच्याही. मनमाडच्या घराघरांतली ताटं त्या अंगमेहनतीच्या मापानं ठरलेली आहेत. तू सकाळी पंचवटी एक्स्प्रेस गाठतेस, नाशिकला आठ तास खुर्चीवर बसतेस आणि संध्याकाळी मिळेल त्या गाडीनं परत येतेस. ताट मात्र आजोबांचंच राहिलं. तेव्हा रीत उलटी कर. वाडगाभर उसळ हे तुझं जेवण, आणि भाकरी तोंडी लावायला. एक. फार तर सव्वा. बाकी जे सांगणार आहे ते सगळं याच्याच पोटातलं आहे.

कडधान्यानं पोट का भरतं? त्यात प्रथिनं आहेत आणि चोथाही आहे. प्रथिनं सावकाश पचतात आणि चोथा पचनाचा वेग कमी करतो, म्हणून अकराला खाल्लेली उसळ तीनपर्यंत साथ देते. नुसती पोळी तेवढी पुरत नाही. आणि कडधान्यातली प्रथिनं हलकी, असं तुला कोणी सांगितलं तर ऐकू नकोस. लेखिका दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण कमला सोहोनी यांनी 1930च्या दशकात बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवरच काम केलं, आणि पुढे 1939 साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. आपल्या बायांच्या रोजच्या भगुण्यातली वस्तू त्या बाईंनी प्रयोगशाळेत नेली, याचा मला फार अभिमान वाटतो. कडधान्यात एक घटक कमी पडतो तो बाजरी-ज्वारीत असतो, आणि भाकरीत जो कमी असतो तो कडधान्यात भरपूर. म्हणून भाकरी सोडायची नाही, कमी करायची.

किती लागतं? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं माप आहे: वजनाच्या दर किलोला रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं. तुझं वजन अठ्ठावन्न, म्हणजे अठ्ठेचाळीस ग्रॅम झाले. वजन उतरवताना अंगावरचं मांस झिजू नये म्हणून मी साठ धरते. घरात कोणाला मूत्रपिंडाचा त्रास असेल तर त्यानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवायची नाहीत, हेही लक्षात ठेव.

मठापासून सुरुवात कर. शहरात मटकी म्हणतात ती. शंभर ग्रॅम कोरड्या मठात तेवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. तुला एका वेळी पन्नास ग्रॅम पुरेत. भिजून, मोड येऊन, शिजून त्याचा भरगच्च वाडगा होतो, आणि कॅलरी एकशे सत्तरच्या आत.

मोड आणायचं आपल्या गावचं तंत्र वेगळं आहे. ज्या गावात वर्षानुवर्षं नळाला पंधरा-पंधरा दिवसांनी पाणी आलं, तिथे कडधान्य चार-चार पाण्यांनी धुता यायचं नाही. मी मठ आधी कोरडेच निवडते आणि कोरड्या फडक्यात चोळून माती काढते. मग एकदाच धुवायचे आणि बोटाची दोन पेरं वर राहील इतक्या पाण्यात रात्रभर भिजवायचे. सकाळी निथळलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही, कढीपत्त्याच्या झाडाला घालायचं. मठ ओल्या सुती फडक्यात घट्ट बांध, गाठोडं डब्यात ठेव आणि झाकण किंचित उघडं राहू दे. उन्हाळ्यात बारा तासांत मोड दिसतात. थंडीत डबा गोधडीत गुंडाळून ठेव. मोड अर्ध्या पेराचे झाले की थांब. लांब शेपट्या आल्या की मठ कडवट होतात.

आता फोडणी. तुझा हात इथेच सैल सुटतो. बुधलीतून तेल ओतायचंच नाही. पोह्याच्या चमच्यानं मोजून एक चमचा घ्यायचं. लहान चमचाभर तेल म्हणजे पंचेचाळीस कॅलरी, आणि डोळ्यांच्या अंदाजानं ओतलं की चार चमचे कधी गेले ते कळत नाही. लोखंडी कढई आधी चांगली तापू दे, मग तेल, आणि मोहरी पूर्ण तडतडल्यावरच जिरं-हिंग. कांदा घातला की लगेच चिमूटभर मीठ टाक. कांद्याला पाणी सुटतं आणि तो त्याच पाण्यात शिजतो, तेल मागत नाही. मोड आलेले मठ घालून परत, आणि वर खोलगट ताटली झाकून त्या ताटलीत वाटीभर पाणी ठेव. आतली वाफ ताटलीला लागून परत खाली पडते, उसळ करपत नाही, आणि ताटलीतलं गरम झालेलं पाणी नंतर उसळीतच घालता येतं. दाणा बोटांत दाबला की चेपला पाहिजे, पण फुटता कामा नये.

रस्सा दाट करायला आपण काळ्या मसाल्याबरोबर सुकं खोबरं आणि दाण्याचं कूट घालतो. चवीला उत्तमच, पण एका मोठ्या चमचाभर कुटात साठेक कॅलरी, आणि आपण एक चमचा कधी घालतो? त्याऐवजी शिजलेल्या उसळीतलीच एक डावभर काढ, भाजलेला कांदा, लसूण, कोथिंबीर घालून वाट, आणि ते वाटण रश्शात सोड. रस्सा तितकाच दाट होतो. मसाला आपलाच ठेव. नाशिककडच्या काळ्या मसाल्याची चव दुसऱ्या कशाला नाही. खोबरं महिन्यातून एकदा, पाहुणे आले की.

रश्शावरून आठवलं. नाशिकला मैत्रिणींबरोबर मिसळ खायला जातेस, जरूर जा. मिसळीतली मटकी तुझ्या बाजूची आहे. वजन वाढवते ती वरची शेव आणि तर्री. शेव वेगळी मागून घे, चिमूटभर घाल, सोबत दही घे, आणि पाव एकच.

मठानंतर हुलगे. कोकणात कुळीथ म्हणतात ते. गरिबाचं धान्य म्हणून याला कोणी मान दिला नाही, पण शंभर ग्रॅमला बावीस ग्रॅम प्रथिनं देणारं आणि आपल्या कोरडवाहू मातीत थोड्या पाण्यावर येणारं हे पीक आहे. हुलगे भिजायला आणि मोड यायला दोन दिवस घेतात. तुला एवढी सवड नसते. म्हणून तुझ्यासाठी शेंगोळे.

शेंगोळे मी तुला हातात हात धरून शिकवणारच आहे, पण कृती लिहून ठेव. एका माणसाला हुलग्याचं पीठ साठ ग्रॅम, ज्वारीचं वीस ग्रॅम. लसूण, जिरं, हिरवी मिरची किंवा लाल तिखट वाटून घे. हळद, मीठ, ओवा घाल आणि पीठ घट्ट मळ. सैल झालं तर शेंगोळे पाण्यात विरघळतात. सुपारीएवढी गोळी घे, पोळपाटावर तळव्यानं बोटाएवढी लांब वळ, आणि दोन्ही टोकं जुळवून कडं कर. गोळीभर पीठ बाजूला ठेव. पातेल्यात चमचाभर तेलाची लसणाची फोडणी दे, तीन-चार वाट्या पाणी घाल, मीठ टाक आणि खळखळून उकळी येऊ दे. उकळी नसताना शेंगोळे टाकले तर सगळ्याचा लगदा होतो. उकळत्या पाण्यात एकेक सोड आणि पहिली पाच मिनिटं डाव लावू नको. वरचा थर शिजला की मग अलगद हलव. पंधरा-वीस मिनिटांत ते फुगून जड होतात. शेवटी बाजूला ठेवलेली गोळी पाण्यात कालवून त्यात ओत, की रस्सा दाट होतो.

एवढ्यात पंधरा ग्रॅम प्रथिनं, आणि तेल धरून सगळ्या मिळून तीनशेच्या आसपास कॅलरी. याच्याबरोबर भाकरी नको. ज्वारी त्यातच आहे. पावसाळ्यात रात्री उशिरा भिजून येतेस तेव्हा याच्याइतकं चांगलं जेवण मला माहीत नाही. आणि एखाद्या दिवशी वळत बसायचा कंटाळा आला, तर हुलग्याच्या पिठाचं माडगं कर: पीठ ताकात कालव, जिऱ्या-लसणाची फोडणी दे, पातळ ठेव आणि वाडग्यानं पी.

एकदम सगळं सुरू करू नकोस. ज्या पोटाला कडधान्याची सवय नाही ते फुगतं, गुरगुरतं, आणि मग तू म्हणशील आजीचं काही खरं नाही. पहिला आठवडा अर्धी वाटी, दुसऱ्या आठवड्यात वाडगा. हिंग, ओवा, आलं यांचा हात आखडू नकोस. उसळीवर लिंबू पिळ. लिंबानं कडधान्यातलं लोह अंगी लागतं. तुझं रक्त मागे कमी निघालं होतं, त्यालाही उपयोग होईल.

रात्रीच्या जेवणात पालेभाजी डाळीशिवाय करू नको. शेपूत मूगडाळ, पालकात हरभराडाळ, आणि आंबट चुक्याचं डाळ घालून गरगटं. पालेभाजीची जुडी कितीही खाल्ली तरी शंभर ग्रॅमला तीसेक कॅलरी. ताट भरतं, पोट भरतं. डाळ भिजवून घातली की वाफेवरच शिजते.

वरण घट्ट कर. पाहुणा आला की वरणात तांब्याभर पाणी वाढवायची आपली सवय जुनी आहे, घरात माणसं फार आणि डाळ थोडी होती तेव्हाची. आता घरात तीन माणसं आहेत. गुप्तसर साहिब गुरुद्वाऱ्यात लंगरला बसतेस तेव्हा वाटीतली डाळ बघ, कशी पळीला धरून राहते. तसं वरण ताटात आलं की भाताचा डोंगर आपोआप उतरतो. पातळ वरणाला भात लागतो, घट्ट वरणाला वाटी पुरते.

पिठल्याचंही तेच. चाळीस ग्रॅम बेसनात आठ ग्रॅमच्या वर प्रथिनं. कांदा भरपूर, टोमॅटो, हिरवी मिरची, चमचाभर तेल, आणि बेसन ताकात कालवून घाल. झुणका कोरडा होतो आणि तेल पितो, म्हणून रोजच्याला पिठलंच कर.

ताक-दही मात्र कोणत्या दुधाचं ते बघ. म्हशीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दीडपटीच्या आसपास कॅलरी असतात, साय तर विचारूच नको. दही गाईच्या दुधाचं लाव, किंवा दूध तापवून सायीचा पापुद्रा दोनदा काढून मग विरजण घाल. ते दही फडक्यात दोन तास टांगलं की घट्ट चक्का मिळतो. त्यात किसलेली काकडी, जिरेपूड आणि मीठ घालून डब्यात ने. साखर घातलीस तर श्रीखंड होईल, ते दसऱ्याला.

अंडी, मासळी, कोंबडी तू खातेस, त्याचं थोडक्यात सांगते. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं आणि सत्तर कॅलरी. सकाळी घाईत दोन उकडलेली अंडी आणि अर्धी भाकरी हा सगळ्यात सोपा नाश्ता. कोंबडीचं कातडं काढून टाक आणि रस्सा मघाच्याच वाटणाचा कर. बाजारातून सुके बोंबील आणतेस, ते वजनाला अर्ध्याहून जास्त प्रथिनंच आहेत. पण खारट असतात, म्हणून तव्यावर भाजून, गरम पाण्यात भिजवून, पाणी टाकून मग कांद्यात परत. तळायचे नाहीत. सोयाबीनच्या वड्या तुझ्या आईला आवडत नाहीत, पण तीस ग्रॅम कोरड्या वड्यांत पंधरा ग्रॅम प्रथिनं आणि शंभरेक कॅलरी मिळतात, म्हणून आठवड्यातून एकदा तरी घाल. उकळून, दाबून पिळलं की त्यांचा उग्र वास जातो.

आता ते संध्याकाळचे साडेपाच. ऑफिस सुटतं, गाडीला वेळ असतो आणि फलाटावर गरम वडापाव दिसतो. माझं म्हणणं ऐक: ती वेळ रिकाम्या पोटानं गाठूच नकोस. पर्समध्ये तीस ग्रॅम फुटाणे सालासकट ठेव. ऑफिसातून निघतानाच खा, फलाटावर जाऊन नाही. सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात, सव्वाशेच्या आत कॅलरी, आणि वर पाणी प्यायलं की पोट धरून राहतं. शेंगदाणेही चांगलेच, पण शंभर ग्रॅमला साडेपाचशेवर कॅलरी असतात, म्हणून मूठभर नव्हे, मोजून पंधरा. अनकाईचा किल्ला चढायला जाल त्या दिवशी पाहिजे तेवढे खा.

एकादशीला मात्र तू माझंही ऐकत नाहीस. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच, आणि खिचडीत तेल, कूट, बटाटा. उपास करून आपण त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त खातो. भगर कर, सोबत वाटीभर दही घे आणि दाण्याची आमटी दोन चमचे. देवाला साबुदाण्याचा हट्ट नाही.

सगळं एका दिवसात बसवून दाखवते, म्हणजे डोक्यात गोंधळ नको. सकाळी दोन अंडी आणि अर्धी भाकरी. डब्यात मठाची उसळ, एक भाकरी आणि चक्क्याची काकडी. निघताना फुटाणे. रात्री पिठलं, डाळ घातलेली शेपू आणि अर्धी भाकरी. बेरीज केलीस तर प्रथिनं साठीच्या घरात जातात, आणि तेल दिवसभरात चार लहान चमच्यांपलीकडे जात नाही. मी स्वतः बाहत्तराव्या वर्षी याच मापानं जेवते, अंडी सोडून.

वजनकाट्यावर रोज उभी राहू नकोस. अंगणवाडीत आम्ही लेकरांचं वजन महिन्यातून एकदा करायचो, कारण रोजच्या चढउतारातून काही कळत नाही. तू पंधरा दिवसांनी कर, सकाळी, काही खाण्याआधी. महिन्याला दीड-दोन किलो उतरलं तरी पुष्कळ झालं. त्याहून घाई करशील तर केस गळतील, चक्कर येईल, आणि गाडीतल्या गर्दीत मला तुझी काळजी लागून राहील.

निवडलेले मठ वरच्या फळीवर, निळ्या झाकणाच्या डब्यात आहेत. आज झोपण्याआधी अर्धी वाटी भिजत घाल. उद्या पहाटे पंचवटीला निघताना फडक्यात बांध, पाणी कढीपत्त्याला घाल. मंगळवारी तुझ्या डब्यात उसळ असेल, आणि भाकरी एकच बांधीन.